पायाखालची इटली

रोममध्ये पँथिऑनच्या घुमटाखाली शंभरेक माणसं माना वर करून उभी होती. ह्यांची नजर तेवढी खाली होती. दोरीपाशी उकिडवं बसून ह्यांनी मला हाक मारली, "अगं, वर नंतर बघ. आधी हे बघ."

सकाळी पावसाची एक जोरदार सर येऊन गेली होती. घुमटाच्या माथ्याला जवळजवळ ९ मीटर रुंदीचं एक गोल भोक आहे. त्याला काच नाही, जाळी नाही, झाकण नाही. पाऊस सरळ आत येतो, म्हणून मधल्या भागाला दोरी लावली होती. ओल्या संगमरवरावर आभाळाचा गोल तुकडा चमकत होता, आणि त्या ओलीत ह्यांच्या बोटाच्या दिशेनं पाहिल्यावर मला फरशीतली बारीक भोकं दिसली. अशी एकूण २२ आहेत. डोळ्यांना कळू नये इतका हलका उतार फरशीला आहे आणि पाणी मुकाट्यानं त्या भोकांतून निघून जातं.

"एकोणीसशे वर्षांपूर्वी उतार काढलाय," हे म्हणाले, "आणि अजून पाणी तुंबत नाही."

ह्यांचं सगळं आयुष्य बांधकामावर गेलं. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी. घरं, शाळा, पाण्याच्या टाक्या. स्लॅब टाकायच्या आदल्या रात्री ह्यांना झोप लागत नसे आणि पहिल्या पावसात गच्चीवर जाऊन पाणी कुठं थांबतंय ते पाहिल्याशिवाय चहा गोड लागत नसे. निवृत्तीनंतर, लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाचं निमित्त धरून आम्ही दहा दिवस इटलीला गेलो. मी चित्रं, पुतळे, चर्च यांची यादी वहीत उतरवून नेली होती. ह्यांच्याजवळ एकच प्रश्न होता: हे उभं कसं राहिलंय? दोन दिवसांत माझी वही पिशवीत गेली आणि ह्यांचा प्रश्न आम्हा दोघांचा झाला.

आज आपण पाहतो ते पँथिऑन सम्राट हेड्रियनच्या काळात, इसवी सन १२५ च्या सुमारास पूर्ण झालं. घुमटाचा आतला व्यास ४३.३ मीटर आणि फरशीपासून माथ्याच्या भोकापर्यंतची उंचीही तेवढीच. म्हणजे ४३ मीटरचा एक अवाढव्य चेंडू आत नेमका मावेल. सळई न घालता केलेला काँक्रीटचा याहून मोठा घुमट जगात आजवर कुणी बांधलेला नाही.

सळई न घालता, हे शब्द ह्यांनी दोनदा उच्चारले. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, पण ताण पडला की तडकतं. म्हणून आपण त्यात लोखंड घालतो. लोखंडाला हवा आणि पाणी लागलं की ते गंजतं, गंजलं की फुगतं, आणि फुगलं की भोवतालचं काँक्रीट फोडून बाहेर येतं. चाळीस-पन्नास वर्षांच्या इमारतीत गॅलरीखालचा पोपडा पडून लाल झालेली सळई उघडी पडलेली आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. पँथिऑनच्या घुमटात गंजण्यासारखं काही नाहीच. त्याचा आकार असा ठेवला आहे, की वजन बहुतांशी दाबाच्याच रूपानं खाली उतरत जावं.

आणि वजन कमी करायला काय केलं? खडी बदलत नेली. तळाशी जड दगडाचे तुकडे, त्यावर विटांचे तुकडे, आणि अगदी माथ्याशी प्युमिस. ज्वालामुखीतून फेसासारखा उसळून गार झालेला हा सच्छिद्र दगड पाण्यावर तरंगतो. टाचा घासायला आपण वापरतो तो हाच. घुमट जिथं सुरू होतो तिथं जाडी ६ मीटर आहे, भोकापाशी सव्वा मीटरही नाही. आतून दिसणाऱ्या चौकोनी खणांच्या पाच रांगा आहेत, प्रत्येकीत २८ खण. ती नक्षी तर आहेच, पण प्रत्येक खण म्हणजे काढून टाकलेलं वजन आहे. माथ्याचं भोक हीदेखील बचतच. जिथं भार सगळ्यात नकोसा, तिथं भारच ठेवलेला नाही.

चुन्यात कालवायला त्यांच्याकडे ज्वालामुखीची राख होती. नेपल्सजवळच्या पोझ्झुओली गावावरून तिला पोझ्झोलाना म्हणतात. आपल्याकडे सिमेंटच्या पोत्यावर पीपीसी ही अक्षरं असतात, त्यातला दुसरा पी म्हणजे हा पोझ्झोलाना. जन्मभर ज्या पोत्यांचा हिशोब ठेवला त्यांवरचं एक अक्षर या देशातल्या एका गावाचं आहे हे ह्यांना ठाऊक होतं, पण ते गाव इथून दोनअडीचशे किलोमीटरवर आहे म्हटल्यावर ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

रोमन काँक्रीटमध्ये चुन्याचे पांढरे खडे दिसतात. कालवण नीट झालं नसेल, गवंड्यांनी हयगय केली असेल, असं पुष्कळ वर्षं मानलं जाई. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानं हे चित्र उलटं केलं. कळीचा चुना पाण्याबरोबर गरमागरम कालवल्यानं हे खडे राहतात, आणि पुढं त्यांचाच उपयोग होतो. भिंतीला बारीक तडा गेला, त्यातून पाणी शिरलं, की ते पाणी वाटेतल्या खड्यातला चुना विरघळवतं आणि तोच चुना तड्यात पुन्हा घट्ट होऊन बसतो. भिंत स्वतःची जखम स्वतः भरते. ज्याला हलगर्जीपणा म्हटलं तेच औषध निघालं. या एका गोष्टीसाठी मी विमानाचं भाडं वसूल झालं असं समजते.

रोममध्ये दुसरी नवलाची गोष्ट म्हणजे पाणी. रस्त्यारस्त्यावर ओतीव लोखंडाचे बुटके खांब दिसतात, त्यांना बाकदार तोटी, आणि तीतून अखंड गार पाणी. रोमची माणसं त्यांना नाझोनी म्हणतात, म्हणजे मोठी नाकं. १८७४ पासून ती बसवली जात आहेत आणि आज शहरात सुमारे २,५०० आहेत. तोटीच्या वरच्या अंगाला एक छोटं भोक असतं. तोटीचं तोंड अंगठ्यानं दाबलं, की पाणी त्या भोकातून कारंज्यासारखं वर उडतं आणि न वाकता पिता येतं. एका आजोबांनी ह्यांच्या हाताला धरून ती युक्ती शिकवली. भाषा एकाचीही दुसऱ्याला येत नव्हती, पण दोघंही हसत होते.

ट्रेव्ही कारंज्यात लोक नाणी टाकतात, ते आपण सिनेमातून पाहिलेलं असतं. त्या कारंज्याचं पाणी कुठून येतं हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. आग्रिप्पा या सेनानीनं इसवी सनापूर्वी १९ साली शहराबाहेरच्या झऱ्यांवरून एक कालवा आणला, त्याचं नाव आक्वा विर्गो. तो बहुतेक जमिनीखालून येतो, नुसत्या उतारावर. पंप नाही, यंत्र नाही. मधे पडझड झाली, डागडुजी झाली, आणि १७६२ मध्ये पुरं झालेलं ट्रेव्हीचं कारंजं आजही त्याच जुन्या वाटेच्या पाण्याचं वारस आहे. पँथिऑनच्या दर्शनी पट्टीवरही याच आग्रिप्पाचं नाव आहे, कारण तिथलं आधीचं मंदिर त्यानं बांधलं होतं आणि हेड्रियननं नव्या इमारतीवर जुन्या बांधणाऱ्याचंच नाव कोरलं. दोन हजार वर्षांनी एखाद्याचं नाव दगडावरही राहावं आणि पाण्यातही, असं भाग्य कुणाला लाभतं!

रोममध्ये पाणी इतकं, की रस्त्यावर वाहतं. तिथून रेल्वेनं चार तासांवर व्हेनिस. चहूकडे पाणी, पण प्यायला थेंब नाही अशा जागी वसलेलं शहर.

१८४६ साली झालेल्या पुलावरून गाडी खाजणातून पुढं सरकते तेव्हा दोन्ही खिडक्यांत पाणी दिसतं आणि शहर समोरून वर येतं. शंभरावर लहान बेटं आणि चारेकशे पूल. जमीन म्हणावी तर चिखल. मग हे राजवाडे, ही चर्च, हे मनोरे कशावर उभे आहेत? लाकडावर. ओक, लार्च, आल्डर या झाडांचे खांब चिखलात दाटीवाटीनं ठोकले, त्यांवर फळ्या, फळ्यांवर इस्त्रियाचा पांढरा दगड, आणि त्या दगडावर विटांच्या भिंती. एका रियाल्टो पुलाखाली सुमारे १२,००० खांब आहेत असं सांगतात. हा पूल १५९१ मध्ये पुरा झाला, पाण्यावरून एकाच कमानीत २८ मीटर जातो. कालव्याच्या तोंडाशी असलेल्या सांता मारिया देल्ला सालूते या चर्चच्या पायात तर दहा लाखांहून अधिक खांब असल्याचं सांगितलं जातं.

"पाण्यात लाकूड कुजत नाही?" मी विचारलं. ह्यांनी उलट मला विचारलं, "विहिरीतलं जुनं लाकूड कुठं कुजतं, आठव." मला आठवलं. जिथं पाणी कधी वर तर कधी खाली येतं, तिथंच लाकूड काळं पडून झडतं. कायम बुडालेला भाग टणक राहतो. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला हवा लागते, आणि व्हेनिसच्या चिखलात हवा जवळपास नाही. क्षय होतो, पण फार संथ. शिवाय सगळे खांब खालच्या कठीण थरापर्यंत पोहोचतात असंही नाही. इतके शेजारी शेजारी ठोकल्यानं मधला चिखलच आवळला जातो आणि भार उचलायला तयार होतो. म्हणजे ज्यानं बुडवायचं, त्यालाच त्यांनी पाया करून टाकलं.

त्याची किंमत शहर अजून मोजतंय. सेंट मार्कच्या बॅसिलिकात शिरलात तर भिंतींवरच्या सोन्याच्या मोझेइककडे डोळे जातीलच, पण एकदा फरशीकडे बघा. रंगीत दगडांच्या नक्षीची ती जमीन लाटांसारखी वरखाली झाली आहे. चौकातला मनोरा १४ जुलै १९०२ रोजी सकाळी उभ्याचा आडवा झाला. जीवितहानी झाली नाही, आणि दहा वर्षांत त्यांनी तो जसा होता तसा, होता तिथंच पुन्हा उभा केला. ४ नोव्हेंबर १९६६ ला पाणी नेहमीच्या पातळीपेक्षा १९४ सेंटिमीटर चढलं. आता खाजणाच्या तिन्ही तोंडांशी समुद्रतळावर एकूण ७८ पोकळ लोखंडी दारं निजवून ठेवली आहेत. एरवी ती पाण्यानं भरलेली असतात. भरतीचा धोका दिसला की आत हवा सोडतात, पाणी बाहेर जातं आणि दारं उभी राहून समुद्राला अडवतात. ३ ऑक्टोबर २०२० ला ती पहिल्यांदा खऱ्या भरतीसमोर उभी राहिली आणि चौक कोरडा राहिला.

मला मात्र व्हेनिसमध्ये सगळ्यात आवडली ती एक साधी गोष्ट. गल्ल्यांमधून चालताना अचानक छोटा चौक लागतो, त्याला काम्पो म्हणतात. चौकाच्या मधोमध कोरीव दगडाचं एक कडं असतं, वर लोखंडी झाकण. लोक त्यावर बसतात, पिशव्या ठेवतात. मी कड्याच्या आतल्या कडेवरून हात फिरवला आणि बोटं थेट खाचांत गेली. दोर घासून पडलेल्या खाचा! माझ्या आजोळी वाड्यातल्या आडाच्या काठाला अशाच होत्या. लहानपणी त्यात बोट बसवून मी खेळायची.

हा त्यांचा आड, पण तळाला झरा नसलेला. खाली खणलं तर खारं पाणीच लागणार. म्हणून त्यांनी चौकाखाली मोठा खड्डा काढला, आतून चिकणमातीचा जाड लेप दिला म्हणजे खारं पाणी आत येऊ नये, आणि खड्डा वाळूनं भरला. मधोमध विटांची नळी उभी केली. चौकाच्या फरशीला उतार देऊन चार बाजूंना दगडी जाळ्या बसवल्या. पाऊस पडला की पाणी जाळ्यांतून खाली, वाळूतून गाळत गाळत तळाशी, आणि तिथून मधल्या नळीत. वर पोहरा सोडायचा. चौक म्हणजे गाळणी, चौक म्हणजे टाकी, आणि वर मुलांना खेळायला जागा. ठरावीक वेळी घंटा वाजे, झाकणाचं कुलूप निघे आणि बायका पाणी भरायला येत. मुख्य भूमीवरून नळाचं पाणी यायला १८८४ साल उजाडलं. तोवर कित्येक शतकं एवढं श्रीमंत शहर, अर्ध्या भूमध्य समुद्राचा व्यापार हाताशी असलेलं, पावसाच्या गाळलेल्या पाण्यावर जगलं. आपल्या सोसायट्यांत पावसाचं पाणी जिरवायच्या योजनांवर बैठकांमागून बैठका होतात. ज्यांना यात रस आहे त्यांनी हे चौक जरूर पाहावेत.

गोंडोलाही पाहा, बसायची नसली तरी. पुढून नीट निरखली तर ती सरळ नाही, एका अंगाला झुकलेली दिसते. नावाडी मागे उभा राहून एकाच वल्ह्यानं उजव्या बाजूला वल्हवतो. नाव सरळ असती तर सारखी डावीकडे वळली असती. म्हणून तिची डावी बाजू उजवीपेक्षा सुमारे २४ सेंटिमीटर रुंद करतात. वाकडेपणाच तिला सरळ नेतो.

वाकडेपणाचा जगप्रसिद्ध नमुना पाहायला आम्ही फ्लॉरेन्सहून तासाभराच्या रेल्वेप्रवासानं पिसाला गेलो. मनोऱ्याला हात टेकल्याचे फोटो काढणाऱ्यांची रांग होती. आम्हीही काढला. पण मनोऱ्याची गोष्ट फोटोपेक्षा पुष्कळ मोठी आहे. ११७३ मध्ये काम सुरू झालं, तिसऱ्या मजल्याशी पोचेपर्यंत खालच्या मऊ मातीत पाया कलायला लागला. पुढं लढायांमुळे काम बंद पडलं ते जवळजवळ शंभर वर्षं. त्या बंद पडण्यानंच मनोरा वाचला. तेवढ्या काळात भाराखालची चिकणमाती दबून आवळत गेली. सलग काम झालं असतं तर त्या मातीनं एवढा भार घेतला नसता. पुन्हा सुरू केल्यावर गवंड्यांनी वरचे मजले उलट्या बाजूला थोडे वळवून घेतले, त्यामुळे मनोरा नुसता कललेला नाही, तो किंचित केळीसारखा वाकलेलाही आहे.

१९९० मध्ये तो लोकांना बंद केला, इतका धोका वाढला होता. मग तज्ज्ञांनी काय करावं? ज्या बाजूला कलला आहे तिथं टेकू दिला नाही. उलट बाजूच्या पायाखालची माती, बारीक नळ्यांनी, थोडी थोडी करून काढत गेले. मनोरा स्वतःच्या वजनानं हळूहळू मागे आला, साधारण अर्धा अंश. २००१ च्या डिसेंबरात तो पुन्हा उघडला. पूर्ण सरळ करायचं कुणाच्याही मनात नव्हतं, आणि ते किती शहाणपणाचं! हे बराच वेळ उत्तरेच्या अंगाला उभे होते. म्हणाले, "एवढं धाडस मला झालं नसतं. उभ्या इमारतीखालची माती काढायची म्हणजे..." आणि वाक्य तिथंच थांबलं.

फ्लॉरेन्सला आम्ही चार दिवस होतो. त्या शहरातली चित्रं आणि पुतळे यांवर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय, म्हणून मी घुमटाकडेच येते. तेराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी कॅथिड्रल बांधायला घेतलं आणि मधोमध सुमारे ४५ मीटर रुंदीची अष्टकोनी जागा घुमटासाठी मोकळी ठेवली, जमिनीपासून पन्नासहून अधिक मीटर उंचावर. तिच्यावर घुमट कसा चढवायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कमान असो वा घुमट, बांधताना खाली लाकडी सांगाडा लागतो. आपल्या साइटवर सेंटरिंग म्हणतात तेच. इतक्या उंचीवर, इतक्या रुंदीचं सेंटरिंग उभारायला लाकूड आणायचं कुठून? आणि आणलं तरी ते स्वतःच्याच वजनानं मोडायचं. १४१८ मध्ये स्पर्धा जाहीर झाली. फिलिप्पो ब्रुनेलेस्की नावाचा एक माणूस, शिक्षणानं सोनार, म्हणाला, मी सेंटरिंगशिवाय बांधतो.

१४२० मध्ये त्यानं सुरुवात केली आणि १४३६ मध्ये घुमट मिटवला. ते कसं जमलं हे आम्ही आतून चढताना पाहिलं. वर जायला ४६३ पायऱ्या आहेत आणि त्या घुमटाच्या पोटातून जातात, कारण घुमट एक नाही, दोन आहेत: आत एक जाड, बाहेर एक पातळ, मधे माणूस जाईल एवढी बोळ. त्या बोळीत भिंत उघडी आहे. हे एका वळणावर थांबले, मागच्या मंडळींना वाट करून दिली, आणि मला विटा दाखवल्या. आडव्या विटांच्या थरांत ठरावीक अंतरानं एकेक वीट उभी. पुढच्या थरात ती उभी वीट थोडी सरकलेली, त्यापुढं आणखी थोडी. अशा उभ्या विटांची तिरकी रांग घुमटाभोवती वर चढत जाते. माशाच्या काट्यासारखी दिसते, म्हणून तिथं तिला तेच नाव आहे.

गवंडी आतल्या बाजूला झुकलेल्या थरावर ओली वीट ठेवतो. चुना वाळेपर्यंत ती घसरू पाहणार. पण दोन्हीकडच्या उभ्या विटा, ज्या खालच्या थरात आधीच घट्ट रुतल्या आहेत, तिला पुस्तकं उभी धरणाऱ्या टेकूंसारख्या चिमटीत धरतात. थर पुरा गोल फिरून जुळला की प्रत्येक वीट शेजारणीला दाबते आणि कुणीच पडू शकत नाही. मग पुढचा थर. घुमट स्वतःच स्वतःचं सेंटरिंग होत वर गेला. बाहेर फाकू नये म्हणून पिंपाला पट्ट्या असतात तशा दगडाच्या आणि लाकडाच्या साखळ्या आत पुरल्या आहेत. चाळीस लाखांहून अधिक विटा चढल्या. साहित्य चढवायला त्यानं बैलांच्या जोडीवर चालणारं यंत्र केलं. त्यात दात्यांची अशी सोय होती, की बैल न फिरवता ओझं वरही जाई आणि खालीही येई.

"हाताखाली चांगले गवंडी असणार," हे म्हणाले. जन्मभर गवंड्यांबरोबर काढलेल्या माणसाची ती सर्वांत मोठी दाद होती.

खाली उतरल्यावर मी म्हटलं, "अहो, आता माझं एक ऐका. दगडजडावाचं संग्रहालय बघायचंय." मेदिची घराण्यानं १५८८ मध्ये सुरू केलेल्या कारखान्याचा तो वारसा: रंगीबेरंगी दगडांचे तुकडे इतके बारीक जोडायचे, की फूल काढलंय की कोरलंय ते कळू नये. आपल्यासाठी त्यात एक वेगळी ओढ आहे. जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बॅसिलिकात सेंट फ्रान्सिस झेवियरची पेटी ज्या संगमरवरी चौथऱ्यावर आहे, तो चौथरा इथलाच. तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो यानं तो भेट दिला, फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी या शिल्पकारानं घडवला आणि १६९८ मध्ये तो समुद्रमार्गे गोव्याला पोचून उभा राहिला. गोव्याला आम्ही किती वेळा गेलो असू, पण त्या दगडांचं माहेर मला त्या दिवशी कळलं.

आणि शेवटच्या सकाळी आम्ही कासिनेला गेलो. आर्नो नदीच्या काठानं शहराच्या पश्चिमेला लांबवर पसरलेलं हे उद्यान. पर्यटक तिकडे फारसे जात नाहीत. झाडांखालून चालत त्याच्या अगदी टोकाला, जिथं मुन्योने ही छोटी नदी आर्नोला मिळते तिथं पोचलो, आणि समोर छत्री दिसली. खांबांवरचा नक्षीदार घुमट आणि आत एका तरुण राजाचा रंगीत अर्धपुतळा. डोक्याला पागोटं. आम्ही दोघांनीही नकळत पायातलं काढलं.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये विलायतेला गेले होते. युरोपचा प्रवास करणाऱ्या पहिल्या काही हिंदी संस्थानिकांपैकी ते एक. प्रवासात ते रोजनिशी लिहीत, ती पुढं प्रसिद्धही झाली. परतताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथंच वारले. वयाची विशी जेमतेम गाठलेली. शहरात दहनाची रीत नव्हती. अधिकाऱ्यांची खास परवानगी काढून, बरोबरच्या मंडळींनी रात्रीच्या वेळी या संगमावर चिता रचली. परक्या मुलुखातही त्यांनी दोन नद्या जिथं भेटतात तीच जागा शोधली. १८७४ मध्ये तिथं ही छत्री झाली. जवळून १९७८ साली नव्या काळाचा तारांवर तोललेला मोठा पूल गेला, त्याचं नाव पोन्ते आल्लिन्दियानो, म्हणजे हिंदी माणसापाशी असलेला पूल.

छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि टाऊन हॉल त्यांनीच आखलेले. ह्यांनी खांबांवरून हात फिरवत म्हटलं, "म्हणून ओळखीचं वाटतंय." पंचगंगेच्या काठावर वाढलेल्या आम्हा दोघांना त्या टोकाला परकं असं काही वाटलं नाही. नदीला पाणी बेताचं होतं आणि पाणबगळा एका दगडावर उभा होता.

फ्लॉरेन्सला गेलात तर अर्धा दिवस काढून तिथं जा, एक फूल ठेवा. आणि कोल्हापुरात असाल तर मँटच्याच टाऊन हॉलमधलं संग्रहालय पाहा. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४४-४५ च्या उत्खननात सापडलेली, अठराशेहून अधिक वर्षांपूर्वी रोमन जगातून आलेली पोसायडन या समुद्रदेवतेची ब्राँझची छोटी मूर्ती तिथं आहे.